डीएफआय ३४ टक्के आला, तर आयव्हीएफ फसणार का?

प्रश्न असा आला आहे. ताईंचं वय ३१, मिस्टरांचं ३६. लग्नाला पाच वर्षं झाली. तीन आययूआय (निवडलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) झाले, तिन्ही वाया गेले. आता आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर बशीत बीज आणि शुक्राणू एकत्र आणणं, ठरलंय. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये वीर्य २ मिली, काउंट मिलीला २.८ कोटी, पुढे सरकणारे शुक्राणू ३५ टक्के, मॉर्फोलॉजी (म्हणजे निर्दोष आकाराचे शुक्राणू) २ टक्के. शिवाय वेगळी चाचणी करून काढलेला डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स, म्हणजे डीएफआय, ३४ टक्के. सेंटरचं म्हणणं, थेट इक्सी (एक शुक्राणू सुईने बीजाच्या आत सोडणं) करावी लागेल आणि शुक्राणू निवडायच्या जास्तीच्या पद्धतीही घ्याव्या लागतील. ताईंना जाणून घ्यायचंय की या आकड्यांवरून आयव्हीएफ यशस्वी होणार की नाही हे आधी कळतं का. रिपोर्ट हातात आल्यापासून मिस्टर कुणाशी नीट बोलत नाहीत, असंही त्यांनी लिहिलंय.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. मूल होणार की नाही हे वीर्याच्या कुठल्याही चाचणीवरून आधी सांगता येत नाही. शुक्राणू स्त्रीबीजापर्यंत कोणत्या वाटेने न्यायचे, आययूआय, आयव्हीएफ की इक्सी, हे ठरवायला मात्र तपासणीचा चांगला उपयोग होतो. मोजक्या जोडप्यांच्या बाबतीत ती अगदी ठाम उत्तर देते, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. तुम्ही त्यांत मोडत नाही. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट वाचून मला तो भीतीदायक वाटला नाही, अर्धवट वाटला.

मी तेवीस वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे बीज, शुक्राणू आणि गर्भ लॅबमध्ये हाताळणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते आहे आणि त्यातली पहिली सहा वर्षं जवळजवळ पूर्ण वीर्यतपासणीच्या टेबलावर गेली. म्हणून सुरुवात साध्या रिपोर्टपासूनच करते. लोक डीएफआयच्या मागे लागतात आणि मूळ तपासणी कशी झाली हे कुणी विचारतच नाही.

मॉर्फोलॉजी २ टक्के येते म्हणजे नेमकं काय होतं? वीर्याचा पातळ थर काचेवर पसरतात, वाळवतात, रंगवतात आणि हजारपट मोठं करून दोनशे शुक्राणू एकेक करून बघतात. डोकं लंबगोल आहे का, मान सरळ बसली आहे का, शेपटी गुंडाळली गेली आहे का. निकष इतके कडक की किंचित शंका आली तरी तो शुक्राणू सदोष धरायचा. दोनशेत चार चांगले निघाले म्हणून २ टक्के. आठ निघाले असते तर ४ टक्के झाले असते आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असं छापून आलं असतं. फरक चार शुक्राणूंचा. खरा आकडा ४ टक्के असलेल्या माणसाचे दोनशे शुक्राणू मोजले, तर निव्वळ योगायोगाने उत्तर दीडपासून साडेसहा टक्क्यांपर्यंत कुठेही येऊ शकतं, हे सरळ गणित आहे. मोजणारी व्यक्ती बदलली की त्यात आणखी भर पडते. त्यामुळे एका काचेवरच्या २ टक्क्यांवरून कुणी तुमचं भविष्य सांगत असेल, तर ते मला पटत नाही.

आता ही ४ टक्क्यांची रेषा आली कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीचं मॅन्युअल पहिल्यांदा १९८० मध्ये काढलं, सहावी आवृत्ती २०२१ ची. ज्यांच्या पत्नीला बारा महिन्यांच्या आत दिवस गेले अशा, बारा देशांतल्या साडेतीन हजारांहून जास्त पुरुषांचे आकडे सहाव्या आवृत्तीत एकत्र केले आहेत. त्यांना खालून वर रांगेत उभं केलं, तर तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे ही रेषा पडते. काउंट मिलीला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, पुढे सरकणारे ३० टक्के, मॉर्फोलॉजी ४ टक्के. म्हणजे रेषेखालचे पुरुषसुद्धा बाप झालेलेच होते! त्या बारा देशांत भारत नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या मिस्टरांचे आकडे मॉर्फोलॉजी सोडली तर सगळीकडे रेषेच्या वर आहेत.

नमुना कसा दिला गेला हेही विचारते, कारण रिपोर्टमधली निम्मी गडबड तिथेच होते. वीर्याच्या पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वांत दाट असतात. तेवढाच भाग डबीबाहेर सांडला तर काउंट धाडकन खाली येतो, आणि लाजेपोटी कुणी ते सांगत नाही. दोन ते सात दिवसांचा खंड हवा असतो. बारा-पंधरा दिवस थांबून दिलेल्या नमुन्यात काउंट फुगतो, पण मेलेले आणि तुटक्या डीएनएचे शुक्राणूही वाढतात. गावाकडून एसटीने दोन तास प्रवास करून आणलेला नमुना थंडीच्या सकाळी जवळजवळ निपचित दिसतो, तो दोष माणसाचा नसतो. शिवाय शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यापुढे बाहेर पडेपर्यंत दोन आठवडे धरा. आजचा नमुना तीन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा असतो. त्या सुमारास डेंग्यू किंवा चिकुनगुन्याचा सणसणीत ताप येऊन गेला असेल, तर हा रिपोर्ट त्या तापाचा आहे. मिस्टरांना आठवून बघायला सांगा.

रिपोर्टचा दर्जा ओळखायची एक खूण तुम्हालाही वापरता येईल. मोटिलिटी, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंचं प्रमाण, नेहमी ५०, ६०, ४० अशा गोल आकड्यांत येत असेल, तर मोजणी झालेली नाही, नजरेने अंदाज केला आहे. नीट मोजणारी लॅब दोन वेगळे थेंब घेते, दोन्हींत दोनशे-दोनशे शुक्राणू मोजते, आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजते. ४७, ५३, ३८ असे वेडेवाकडे आकडे आले की मला बरं वाटतं.

तुमच्या फाइलमध्ये या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी असे तीन कागद पडून असतील. प्रत्येक आययूआयच्या वेळी वीर्य ‘वॉश’ करतात, म्हणजे द्रावणाच्या थरांतून सेंट्रिफ्यूज करून चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढतात. त्यानंतर एकूण किती हलते शुक्राणू हाती लागले याची नोंद होते, निदान व्हायला हवी. ती मागून घ्या. डबीत काय होतं यापेक्षा वॉशनंतर काय उरलं, यावरून उपचाराची वाट फार चांगली ठरते. तिन्ही वेळा हा आकडा ५० लाखांच्या वर असेल, तर शुक्राणूंच्या अंगात दम आहे. १० लाखांच्याही खाली असेल, तर ते तीन आययूआय मुळातच तोकड्या भांडवलावर झाले आणि इक्सीचा सल्ला योग्य आहे. हा कागद न बघता कुणी तुम्हाला इक्सी सांगितली असेल, तर घाई झाली असं मी म्हणेन.

आता डीएफआय. शुक्राणूच्या डोक्यात डीएनए फार घट्ट बांधलेला असतो. त्याचे धागे किती शुक्राणूंत तुटलेले आहेत, ते ही चाचणी सांगते. अमेरिकेत डोनल्ड एव्हन्सन यांनी १९८० मध्ये या कल्पनेवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत अ‍ॅक्रिडीन ऑरेंज नावाचा रंग देऊन यंत्राने हजारो शुक्राणू मोजतात. धडधाकट डीएनए हिरवा चमकतो, तुटका लाल. आपल्याकडे बऱ्याच लॅबमध्ये किटवर केली जाणारी हेलो चाचणी असते. त्यात शुक्राणूभोवती डीएनएचं वलय किती पसरतं हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. वलय मोठं तर डीएनए ठीक, वलय लहान किंवा नाहीच तर तुटलेला. याशिवाय ट्यूनेल आणि कॉमेट या आणखी दोन पद्धती. या चारही पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. ३० टक्क्यांची प्रसिद्ध रेषा एव्हन्सन यांच्या पद्धतीवरची आहे. तुमचे ३४ टक्के हेलो पद्धतीचे असतील, तर ती रेषा त्यांना जशीच्या तशी लावता येत नाही. रिपोर्टच्या तळाशी पद्धतीचं नाव असतं, ते वाचा.

डीएफआय बिनकामाचा आहे असं माझं म्हणणं नाही. पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत मी स्वतः ही चाचणी आग्रहाने करायला सांगते, आणि अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांच्या मार्गदर्शक सूचनाही अशा जोडप्यांत तिचा विचार करायला सांगतात. पण सुरुवातीच्या तपासणीत ती सरसकट करू नका, असंही अमेरिकी सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कारण आकडा वाढलेला असूनही कितीतरी जोडप्यांना सुदृढ मुलं होतात. शुक्राणू आत आला की त्याच्या डीएनएमधले बारीक तुकडे सांधायचं काम स्त्रीबीज करतं, आणि तरुण स्त्रीबीज ते जास्त चांगलं करतं. ताई, तुमचं वय ३१ आहे. मिस्टरांच्या ३४ टक्क्यांशेजारी हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. माझ्याकडे ४१ वर्षांच्या बाई आणि डीएफआय ३४ असं जोडपं आलं असतं, तर माझं उत्तर बरंच सावध झालं असतं.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यावरून अशा चाचण्यांचं आयुष्य किती असतं ते कळतं. १९७६ मध्ये यानागिमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजाचं बाहेरचं कवच काढलं, तर माणसाचा शुक्राणू त्यात शिरू शकतो. त्यावरून पुरुषाची चाचणी निघाली. ऐंशीच्या दशकात आयव्हीएफ यशस्वी होईल का, याचा अंदाज घ्यायला ती अनेक देशांत वापरत. १९८८ मध्ये माणसाच्या बीजाचं कवच अर्धं कापून त्याला किती शुक्राणू चिकटतात ते मोजायची चाचणी आली. तेव्हा त्याला अर्थ होता. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला त्या काळात बशीत शुक्राणूंना स्वतःच पोहत जाऊन, कवच भेदून आत शिरावं लागायचं. त्यांना ते जमेल का हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता. मग १९९२ मध्ये ब्रसेल्समधून पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी इक्सीने झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. एक शुक्राणू सुईत घ्यायचा आणि बीजाच्या आत सोडायचा. कवच भेदायची गरजच संपली आणि त्या चाचण्याही पाहता पाहता मागे पडल्या. मी काम शिकले तोवर हॅम्स्टरची चाचणी फक्त पुस्तकात उरली होती.

म्हणून कुठल्याही नव्या चाचणीबद्दल मी एकच गोष्ट विचारते: तिचा निकाल असा आला किंवा तसा आला, तर उद्याच्या उपचारात काय बदलेल? तुमच्या बाबतीत डीएफआय १५ आला असता तर सेंटरने साधी आयव्हीएफ केली असती का? ‘नाही, इक्सीच केली असती’ असं उत्तर आलं, तर त्या चाचणीने तुम्हाला फक्त झोप न लागलेल्या रात्री दिल्या.

इक्सी मुळात हवी का, याकडे येते. इक्सीने किती पुरुषांना बाप होता आलं हे मी रोज बघते, माझं निम्मं काम तेच आहे. पण ती सर्वांना सरसकट करून जास्त मुलं जन्माला येत नाहीत. व्हिएतनाममध्ये काउंट आणि मोटिलिटी नॉर्मल असलेल्या १,०६४ जोडप्यांवर चिठ्ठ्या टाकून तुलना केली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मूल होण्याचं प्रमाण इक्सीत ३५ टक्के, साध्या आयव्हीएफमध्ये ३१ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. तुमच्याशी जास्त जुळणारा अभ्यास चीनमधला, २०२४ चा. त्यात पुरुषाचा दोष होता, पण तीव्र नव्हता, अशी २,३८७ जोडपी होती. मूल होण्याचं प्रमाण इक्सीत ३३.८ टक्के, साध्या आयव्हीएफमध्ये ३६.६ टक्के. तिथेही इक्सी सरस ठरली नाही.

शुक्राणू निवडायच्या जास्तीच्या पद्धतींचंही तसंच. त्यातली पिक्सी सगळ्यांत नीट तपासली गेली. हायलुरोननला चिकटणारा शुक्राणू पक्व असतो, तोच उचलायचा, अशी ती कल्पना. ब्रिटनमध्ये २,७७२ जोडप्यांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला. पूर्ण दिवसांच्या बाळांचं प्रमाण पिक्सीत २७.४ टक्के आणि साध्या इक्सीत २५.२ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. गर्भपात मात्र ७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलेले दिसले. त्यामुळे गर्भपात होत राहिलेल्या जोडप्यात मी तिचा विचार करेन. तुमची गर्भधारणाच अजून झालेली नाही, म्हणून पहिल्या फेरीत त्यासाठी जादा पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला सांगितलं असतं की वॉशचे आकडे चांगले असतील आणि आठ-दहा बीजं मिळाली, तर निम्म्या बीजांवर साधी आयव्हीएफ आणि निम्म्यांवर इक्सी कर. याला स्प्लिट म्हणतात. पाच वर्षांत दिवस गेलेले नाहीत आणि आययूआयही फुकट गेले, त्यामुळे शुक्राणू तुमच्या बीजात स्वतःहून शिरतात का हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत ते दिसेल. इतकी खरी माहिती कुठल्याच आगाऊ चाचणीतून मिळत नाही. आणि एका वाटेने फलन झालंच नाही, तर दुसरी हाताशी असते. बीजं चारच मिळाली तर मात्र जोखीम न घेता सगळ्यांवर इक्सी करू द्या.

आता ती ठाम उत्तरं. नमुन्यात शुक्राणू अजिबात दिसले नाहीत, तर तो सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ पूर्ण चाळावा लागतो. ‘शून्य’ म्हणून आलेल्या रिपोर्टांत मला गाळात दहा-बारा शुक्राणू सापडलेले आहेत, आणि इक्सीला तेवढे पुरतात. खरोखर शून्य असेल, वीर्य कमी, आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज निगेटिव्ह (वीर्यात एरवी असणारी साखर नाही) असेल, तर बहुतेक वेळा वाट बंद असते, कारखाना चालू असतो. अंडकोषातून शुक्राणू काढता येतात. कारखान्यातच बिघाड असेल तर रक्तातून वाय गुणसूत्राची चाचणी करतात. त्या गुणसूत्राचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असेल, तर शस्त्रक्रिया करून शुक्राणू मिळत नाहीत, आणि हे आधी कळल्यामुळे एक ऑपरेशन वाचतं. एझेडएफसी गळालेला असेल तर बऱ्याच जणांत मिळतात, पण मुलगा झाला तर हाच दोष त्याच्याकडे जाणार, हे आधी सांगावं लागतं. सगळ्या शुक्राणूंची डोकी गोल असतील तर ते बीजाला जागं करू शकत नाहीत, तिथे इक्सीच्या जोडीला बीजाला जागं करणारं कॅल्शियम आयनोफोर हे रसायन लागतं. या तपासण्या भविष्य सांगतात असं मी बिनदिक्कत म्हणेन. त्यांच्यासाठी खर्च करावा.

गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण वारंवार दिसतं, म्हणून विचारते. मिस्टर जिममध्ये जातात का आणि तिथे कुणी इंजेक्शनं दिली आहेत का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूकडून अंडकोषाला जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. सव्वीस वर्षांचा एक मुलगा शून्याचा रिपोर्ट घेऊन आला होता. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, पण हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. इंजेक्शनं बंद केल्यावर आठ महिन्यांनी त्याच्या नमुन्यात शुक्राणू परतले.

गोळ्यांबद्दल थोडंच. झिंक आणि फॉलिक अ‍ॅसिड पुरुषांना देऊन अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट डीएनए फ्रॅगमेंटेशन किंचित वाढलेलं आढळलं. महागड्या अँटिऑक्सिडंटच्या डब्यांवर विसंबू नका. तंबाखू, गुटखा आणि सिगारेट बंद करण्याने जो फायदा होतो तो कुठल्याच डब्यात नाही. भट्टी, बॉयलर किंवा दिवसभर ट्रकच्या केबिनमधलं काम असेल तर उष्णतेचाही विचार करावा लागतो. आणि मिस्टरांना एकदा यूरॉलॉजिस्टकडे उभं राहून तपासून घ्या. हाताला लागणारा व्हेरिकोसील (अंडकोषावरच्या शिरा फुगणं) असेल तर डीएफआय वाढण्याचं ते नेहमीचं कारण आहे, आणि त्यावर इलाज आहे.

तर पुढचा क्रम असा ठेवा. बीज वाढवायची इंजेक्शनं सुरू व्हायच्या आधी मिस्टरांची साधी तपासणी पुन्हा करा, शक्य तर दुसऱ्या, एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये. गेल्या तीन महिन्यांत ताप आला असेल तर थोडं थांबून करा. डीएफआय पुन्हा करायचाच असेल तर एक-दोन दिवसांच्याच खंडाने द्या. कमी खंडाने तो बऱ्याच जणांत खाली येतो, आणि आला तर बीजं काढायच्या दिवशीही तेवढाच खंड ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. अंडकोषातून शुक्राणू काढून इक्सी करायचा सल्ला कुणी पहिल्याच फेरीसाठी दिला तर तूर्त नको म्हणा, तो फेऱ्या फसल्यानंतरचा विचार आहे.

मिस्टरांबद्दल लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे आधी चार-पाच वर्षं बायकोच्याच तपासण्या चालतात. नवऱ्याच्या हाती पहिल्यांदा असा कागद येतो तेव्हा त्याच्याशी कसं बोलायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, डॉक्टरांकडेही त्यासाठी पाच मिनिटं नसतात. पुढच्या तपासणीच्या वेळी लॅबला विनंती करा की नमुना स्क्रीनवर दाखवा. आम्ही दाखवतो, बहुतेक लॅब दाखवतील. २.८ कोटी काउंट आणि ३५ टक्के सरकणारे म्हणजे पडदा भरून धावपळ दिसेल. तेव्हा तुम्हीही त्यांच्या शेजारी उभ्या राहा.